अन्नाला तोटा नव्हता

सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी लागली तेव्हा अकोल्याच्या आमच्या घरात आत्याने पहिला प्रश्न विचारला होता, तो म्हणजे, "तिथं स्वयंपाक तुलाच करावा लागेल का?" वडील वकील, काका शाळामास्तर. घरातली मुलगी एवढी शिकली आणि रोग्याच्या खिचडीत मीठ किती घालायचं ते ठरवायला निघाली, हे कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. निवृत्त झाले तेव्हाही फारसं काही बदललं नव्हतं. अमरावतीच्या वॉर्डांमध्ये मला 'डाएटवाल्या मॅडम' म्हणत आणि मी दारात दिसले, की पेशंट उशीखालचा बिस्किटाचा पुडा आणखी आत सरकवत. डाएट म्हणजे खाणं बंद करणं, आणि ते बंद करायला सरकारने नेमलेली बाई म्हणजे मी, असा सगळ्यांचा समज.

खरं तर माझं निम्मं काम लोकांना खाऊ घालण्याचं होतं. जळालेल्या माणसाला जखमा भरण्यासाठी किती अंडी लागतील, किडनीच्या पेशंटला कोणती भाजी दोनदा पाणी बदलून शिजवून द्यायची, क्षयाच्या पोराला जेवणच जात नसेल तर घोटभर काय द्यायचं, हे मी बघायची. उरलेलं काम ऐकण्याचं. माणूस काय खातो हे विचारलं की तो आपण काय खायला पाहिजे होतं ते सांगतो. वरूडचे एक संत्राबागायतदार दर महिन्याला शुगर वाढवून यायचे आणि छातीवर हात ठेवून सांगायचे, की साखरेचा कण तोंडात टाकलेला नाही. शेवटी त्यांच्या सूनबाईंनी हळूच सांगितलं, की मामंजी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर संत्र्याचा रस पितात. मी विचारलं तर ते म्हणाले, "ते तं घरचं आहे मॅडम. त्यात कायची साखर?" त्यांच्या हिशोबाने साखर म्हणजे दुकानातून पुडीत बांधून येते तीच.

असे लोक पुष्कळ भेटले आणि त्यांच्या गोष्टी सांगून मी लग्नकार्यात बऱ्याच पंगती हसवल्या आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर आठवली ती प्रणाली. नाव बदललं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा मॅडम, फक्त मले बिचारी करू नका."

प्रणाली नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. वय एकोणीस-वीस. सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या हातापायांत गोळे आले, ती खाली कोसळली आणि बरोबरच्या बायकांनी तिला ऑटोत घालून आमच्याकडे आणलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते. पोटॅशियम म्हणजे केळ्यात, शहाळ्यात, डाळीत असतो तो क्षार. ते कमी झालं की स्नायू ऐकेनासे होतात, आणि हृदय हाही एक स्नायूच. सलाइनमधून ते भरून काढलं आणि जीव वाचला. मग वॉर्डातल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं: सावळी, काटकुळी, गळ्याची हाडं वर आलेली. वडील बाजार समितीत हमाल, आई लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. आजाराचं निदान कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. पोटाला मिळत नाही, दुसरं काय!

वॉर्डात समाजसेवेचं काम बघणाऱ्या आमच्या एक बाई होत्या. फार कनवाळू. त्यांनी एका मंडळाला सांगितलं आणि मंडळाची माणसं दुसऱ्याच दिवशी धान्याची पिशवी घेऊन प्रणालीच्या घरी पोचली. दारात पिशवी देताना त्यांनी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो वस्तीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता.

मी माझ्या खोलीत बसले होते. दार लोटून एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस आत आला. डोक्याला हमाल बांधतात तसं फडकं. त्याने ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आपटली नाही, अगदी सावकाश ठेवली. हे प्रणालीचे वडील, मनोहरभाऊ. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, की दवाखान्यातलं खाण्याचं खातं या मॅडमकडे आहे.

"हे वापस घ्या," ते म्हणाले. "माह्या घरी दोन्ही टायमाले चूल पेटते."

मी त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी मला घरातला स्वयंपाक ऐकवला. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, रविवारी मटण किंवा अंडी, पोरीसाठी रोज अर्धा शेर दूध वेगळं. पोरगी पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे मैदानावर धावते, म्हणून तिच्या ताटात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वाढलं जातं. त्यांच्या लहानपणी त्यांची आई दुसऱ्यांच्या खळ्यावरचं सांडलेलं वेचून आणायची. आपल्या पोरांवर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी या माणसाने तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली होती. आणि आता गावभर फोटो फिरत होता, की मनोहरच्या घरी पोर उपाशी मेली असती.

त्यांच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला. इतका रागावलेला माणूस भाजीची नावं बनवून सांगत नाही. पण मग प्रश्न असा, की एवढं अन्न जातंय कुठं? कारण वॉर्डातसुद्धा ही मुलगी ताट चाटूनपुसून खात होती. खिचडी, अंडं, केळं, काही टाकत नव्हती.

मी तिच्या आईला, शीलाबाईंना, बाजूला घेऊन विचारलं, की जेवण झाल्यावर ती काय करते. त्या कौतुकाने म्हणाल्या, की तिला स्वच्छतेची मोठी हौस. जेवली की आधी न्हाणीत जाते आणि नळ सोडून बराच वेळ हात-तोंड धुते. दुपारी मी प्रणालीच्या खाटेशी जाऊन बसले. कानाखाली दोन्ही गाल सुजलेले होते, त्याला कुणी गालफुगी म्हणून ठेवलं होतं. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर जुने-नवे ओरखडे होते. घशात बोटं घालताना दातांना लागून लागून पडतात तसे. असे ओरखडे मी शिकत असताना पुस्तकातल्या चित्रात पाहिले होते आणि चित्राखालचा मजकूर परदेशातल्या, खात्यापित्या घरच्या मुलींबद्दलचा होता. तसल्या मुलींचा आजार नांदगाव पेठेत येईल, असं त्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. आमच्यापैकीही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी तिला आडवळणाने काही विचारलं नाही. "जेवलेलं उलटून टाकतेस का गं?" एवढंच म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी उठले नाही.

मग तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. मैदानावर शिकवणारे सर म्हणाले होते, थोडी हलकी हो, आठशे मीटरला वेळ सुधरेल. तिने भाकरी कमी केली, वेळ खरंच सुधारली, सगळ्या मुलींसमोर सरांनी तिला शाबासकी दिली. मग तिने सकाळचं दूध सोडलं, मग दुपारचा डबा. घरी आईसमोर जेवावंच लागे, ते जेवून न्हाणीत जाऊन काढून टाकायला ती शिकली. पण दिवसभर उपाशी राहून शिवण करायची आणि पहाटे धावायचं, हे शरीर किती दिवस ऐकणार? शिफ्ट सुटली की भूक अशी उसळायची, की गेटवरच्या टपरीतून ती कुरकुऱ्यांचे, फरसाणाचे पुडे, आलूबोंडे घ्यायची आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहून सगळे एका दमात संपवायची. चव लागायची नाही. मग तिथेच उलटी. आणि मग उद्यापासून काहीच खायचं नाही, अशी शपथ.

"माय पहाटे उठून भाकरी थापते मॅडम," ती म्हणाली. "ते मी नालीत टाकून राहिली. चोरी केल्यासारखं वाटते. तिले सांगू नका."

मी तिला कबूल केलं, की तिच्या पाठीमागे काही सांगणार नाही. पण डॉक्टरांना सांगावंच लागेल आणि आईबाबांना तिने सांगायचं किंवा तिच्यासमोर मी सांगायचं, हेही बजावलं. आणखी दोन दिवसांनी ती तयार झाली.

सांगितलं मीच. शीलाबाई ऐकत होत्या. त्यांना राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीच्या बोटांवरचे ओरखडे हात फिरवून पाहिले आणि विचारलं, "माह्या हातच्या जेवणात काही कमी होतं काय वं?"

प्रणाली तेव्हा पहिल्यांदा रडली. मी शीलाबाईंना समजावलं, की हा जेवणाचा दोष नाही आणि मुलीचा माजही नाही. हा आजार आहे. जसा हातापायाला होतो, तसा खाण्याला होतो. त्यात भुकेचा लगाम हातातून सुटतो आणि माणूस स्वतःच्याच ताटाला घाबरायला लागतो. त्याची सुरुवात बहुतेक वेळा कुणाच्या तरी साध्या शब्दाने होते आणि तो शब्द बोलणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही.

खरी अडचण पुढे आली. मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव काढताच मनोहरभाऊ ताठ झाले. पोरगी पागल नाही, म्हणाले. वस्तीत एकदा फोटो फिरला, आता हेही फिरलं तर तिचं काय होईल? त्यांची भीती खोटी नव्हती. ते डॉक्टर तरुण होते, यवतमाळकडचे. त्यांनी स्वतः वॉर्डात येऊन मनोहरभाऊंशी बाजार समितीतल्या तुरीच्या आवकेवर गप्पा मारल्या आणि नंतर मुद्द्याला आले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की असा पेशंट त्यांच्यासमोरही पहिल्यांदाच येतो आहे, पण यावर काय करायचं ते माहीत आहे. मात्र हृदयाची खात्री होईपर्यंत धावणं पूर्ण बंद. आणि भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची चाचणी, तर तोंडावर आलेलं.

ती भरती म्हणजे त्या घराचं सगळं काही होतं. खाकी वर्दीतली पोरगी, हे चित्र मनोहरभाऊ पोती वाहताना डोळ्यांसमोर ठेवत आले होते. प्रणाली वडिलांना म्हणाली, की एवढं एक ग्राउंड होऊ द्या, मग मी तुम्ही म्हणाल ते खाईन. मनोहरभाऊ बाहेर गेले. व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस आता मुलीची सुटी करून घेऊन जाणार. ते परत आले आणि मुलीला नव्हे, डॉक्टरांना म्हणाले:

"भरती तं निंघत राहते साहेब. पोरगी दुसरी कुठून आणू?"

मग उपचार सुरू झाला. बाहेरच्यांना तो फार साधा वाटेल. औषध थोडं, बोलणं पुष्कळ, आणि जेवण ठरल्या वेळी. उपास नाही. कोणताही पदार्थ वर्ज्य नाही, आलूबोंडासुद्धा. पोट रिकामं पडू दिलं नाही, तर ती भुकेची झडप येतच नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. आणि जेवणानंतर तासभर एकटं राहायचं नाही, कुणीतरी सोबत बसायचं. घरी गेल्यावर सोबत कोण बसणार, हा प्रश्न आला. शीलाबाई जेवण वाढून झालं, की पुन्हा कामावर जायच्या. मनोहरभाऊंनी ते अंगावर घेतलं.

पण बाप-लेकीला एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. पहिले काही दिवस दोघं नुसते भिंतीला टेकून बसायचे, असं प्रणालीने सांगितलं. मग एके दिवशी मनोहरभाऊंनी खडूने फरशीवर अष्टचंगाचा पट आखला आणि खिशातून चिंचोके काढले. जेवण झालं की डाव. डाव संपला की ते दुसरा मांडायचे. प्रणाली म्हणायची, की बाबा रडीचा डाव खेळतात, पण मी न्हाणीकडे पाहिलं की लगेच म्हणतात, "टाक, तुही पाळी आहे." त्या डावावर बक्षीस नव्हतं, उपदेश नव्हता. मला वाटतं, म्हणूनच तो चालला.

ती कामावर रुजू झाल्यावर मी एकदा कारखान्याच्या गेटवर गेले. दुपारच्या सुटीत दीडेकशे बायका बाहेर आल्या आणि मी त्यांचे डबे पाहत बसले. बऱ्याच जणींनी डबे उघडून वास घेतला आणि बंद केले. पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्याकडच्या उन्हात, सकाळची भाजी दुपारपर्यंत आंबते. आतली कँटीन कायमस्वरूपी कामगारांसाठी, या साऱ्या ठेकेदाराच्या. मग उरतं काय? टपरी. तिथे पुडे होते, समोसे होते, रंगीत पाणी होतं. एक फळ नव्हतं. समोरच्या हायवेवरून संत्र्यांनी भरलेले ट्रक जात होते, पण ते थांबत नव्हते. मी आयुष्यभर लोकांना 'ताजं खा, फळं खा' सांगत आले. ताजं खायला ते हाताशी असावं लागतं, हे वाक्य त्या सल्ल्याला जोडायला हवं.

मी व्यवस्थापकांना भेटले. डबे ठेवायला एक पंख्याखालची मांडणी द्या, एवढंच मागितलं. गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, आज डब्याला जागा दिली तर उद्या जेवायला खोली मागतील." मी म्हटलं, मागू द्या, त्यात वाईट काय? ते हसले आणि चहा मागवला. मांडणी मिळाली, खोली आजतागायत मिळालेली नाही. पुढे शीलाबाई आणि शेजारच्या एक बाई हातगाडीवर गरम भाकर, झुणका, पातळ वरण घेऊन गेटवर उभ्या राहू लागल्या. गर्दी व्हायची. एक हंगाम ती गाडी जोरात चालली. मग रस्त्याकडेचं अतिक्रमण म्हणून टपऱ्यांबरोबर तीही उठवली. टपऱ्या महिनाभरात परत आल्या. शीलाबाईंची गाडी आली नाही, पुन्हा उभं राहायला त्यांच्यात जोर उरला नव्हता. याची खंत मला अजून आहे.

प्रणाली सरळ रेषेत बरी झाली नाही. कुणीच होत नाही. भरतीचा निकाल लागला, तिच्याबरोबर धावणारी एक मुलगी पोलिसात लागली आणि वस्तीत तिची डीजे लावून मिरवणूक निघाली. प्रणाली तिच्यासाठी नाचली, हारही घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला तिचा फोन आला. ती टाकीमागूनच बोलत होती.

"मॅडम, आज पुन्हा झालं."

मी विचारलं, रात्रीचं जेवण किती वाजता असतं. ती म्हणाली, आठला. मी म्हटलं, मग आठला जेव, भरपाई म्हणून काही सोडू नकोस. तिला वाटलं होतं, मी रागावेन. हा आजार उपासाने फिटत नाही, उलट पोसला जातो; म्हणून झालेल्या गोष्टीवर उत्तर एकच, पुढचं जेवण वेळेवर. असे फोन नंतरही आले. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग फक्त सणावाराला, शुभेच्छांचे. दातांचं जे नुकसान झालं होतं, ते मात्र राहिलं. आणि पोलीस ती झाली नाही. पुन्हा तयारी करायची का, हा विषय निघाला तेव्हा तिने स्वतःच नको म्हटलं. घड्याळ आणि वजनकाटा यांच्यामध्ये पुन्हा उभं राहायचं नव्हतं तिला. आता ती त्याच कारखान्यात तयार कपडे तपासण्याच्या टेबलावर आहे. काम चोख करते. मनोहरभाऊंनी वर्दीचा विषय नंतर कधी काढला नाही, निदान माझ्यासमोर.

तिच्यानंतर आमच्या डॉक्टरांनी आणि मी काटकुळ्या, थकलेल्या मुलींना वेगळे प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेल्हाऱ्याकडून आलेली कापूस वेचणारी एक, वसतिगृहातली एक, दोन मुलांची एक आई. आणखीही सापडल्या. त्याआधीच्या वर्षांत रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन किती जणी परत गेल्या असतील, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

मी निवृत्त झाल्यावर प्रणालीने मला घरी जेवायला बोलावलं. लहानसं, नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ओट्यावर शीलाबाई भाकरी थापत होत्या. त्या मला आग्रह करत नव्हत्या, फक्त गरम भाकर आणून ताटात ठेवत होत्या. मनोहरभाऊंचे गुडघे गेलेत, ते खुर्चीवर ताट घेऊन बसले. प्रणाली माझ्यासमोर बसली. तिने वांग्याची भाजी वाढून घेतली, वर कच्चं तेल घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला. बोलता बोलता खात होती. मध्येच भावाच्या लग्नाचं काहीतरी आठवून हसली, घास तोंडात तसाच. मी पाहत राहिले. किती खाल्लं, किती वेगाने, नजर कुठे आहे. पस्तीस वर्षांचा धंदा, डोळे ऐकत नाहीत.

तिच्या ते लक्षात आलं.

"मॅडम, माह्या ताटाकडं काहून पाहून राहिल्या?" ती म्हणाली. "तुमची भाकर थंडी झाली. जेवा तुमी."

शीलाबाईंनी माझी भाकर उचलली आणि तव्यावरची दुसरी आणून ठेवली. मी मान खाली घालून जेवले.